अर्धा तास कुठून आला?

२००७ सालची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थिनीला एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा होता. अर्ज ई-मेलनं पाठवायचा आणि तो ठरलेल्या दिवशी रात्री बाराच्या आत पोचायला हवा, अशी अट होती. शेवटच्या क्षणापर्यंत दुरुस्त्या करत बसायची संशोधकांची सवय आपल्याला ठाऊक आहेच. तिनं ११ वाजून ३८ मिनिटांनी बटण दाबलं, पडद्यावर 'संदेश पाठवला' असं उमटलं आणि ती झोपायला गेली. आठवड्याभरानं पत्र आलं: अर्ज उशिरा मिळाल्यामुळे विचारात घेता येत नाही.

टपालाच्या पाकिटावर वाटेतल्या कचेऱ्यांचे शिक्के असतात, तसे ई-मेलवरही असतात. ज्या ज्या सर्व्हरमधून संदेश जातो तो तो सर्व्हर आपलं नाव आणि वेळ संदेशाच्या डोक्यावर लिहून ठेवतो. एरवी हा मजकूर आपल्याला दाखवला जात नाही. पण मेलच्या प्रोग्रॅममध्ये 'संपूर्ण शीर्षक दाखवा' अशा अर्थाची सोय असते, ती वापरली की दिसतो. मुलांबरोबर एकदा जरूर पाहावा. त्या अर्जावरचा पहिला शिक्का आमच्या प्रयोगशाळेच्या मेल-सर्व्हरचा होता, ११ वाजून ३८ मिनिटांचा. दुसरा शिक्का आमच्या संस्थेच्या बाहेर जाणाऱ्या टपालाच्या सर्व्हरचा, १२ वाजून ८ मिनिटांचा. दोन्ही यंत्रं एकाच आवारात, पायी चार मिनिटांच्या अंतरावर. तेवढं अंतर कापायला संदेशाला अर्धा तास लागला होता.

तक्रारी आधीही येत होत्या. "मेल कधी जातं, कधी जात नाही." "रात्री जास्त त्रास देतं." अशा तक्रारीवर ठरलेलं उत्तर असतं, नेट स्लो आहे. बंदच पडलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं. कारण ती तपासायला बसलो तरी बंदच असते. अधूनमधून बिघडणारी वस्तू मात्र कारागीर घरी आला की नेमकी नीट चालते. पण आम्ही मागची तीन महिन्यांची नोंद काढून पाहिली, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. उशीर झालेल्या जवळजवळ प्रत्येक संदेशाला सारखाच उशीर झाला होता, अर्धा तास. नेट स्लो असतं तर उशीर कधी दोन मिनिटं, कधी वीस, कधी चाळीस असा झाला असता. अर्धा तास हा आकडा कोणीतरी ठरवलेला दिसत होता. त्याचा माग काढताना आम्ही १९८० च्या दशकात जाऊन पोचलो.

दोन वेगळ्या संगणकांमध्ये जाळ्यातून संदेश पाठवण्याचा प्रयोग १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेतल्या केंब्रिज गावी केला. ते दोन संगणक एकाच इमारतीत होते, पण आर्पानेट नावाच्या जाळ्यातून जोडलेले. पुढची दहा वर्षं मेल पाठवायच्या निरनिराळ्या पद्धती नांदल्या. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एक टिपण प्रसिद्ध केलं, आरएफसी ८२१. आरएफसी म्हणजे 'आपली मतं कळवा' अशा अर्थाचं टिपण; नाव विनयाचं असलं तरी व्यवहारात यातली अनेक टिपणं नियमपुस्तिकाच ठरली. पोस्टेल यांच्या टिपणात एसएमटीपी ही पद्धत सांगितली होती. बाहेर जाणारं ई-मेल आजही तिच्याच वंशजावर चालतं.

पद्धत म्हणजे दोन यंत्रांमधलं संभाषण. घेणारा सर्व्हर आधी '२२०' म्हणून स्वागत करतो. पाठवणारा आपलं नाव सांगतो, मग पत्र कोणाचं ते, मग कोणाला ते. प्रत्येक वाक्याला घेणारा तीन आकडी उत्तर देतो. पहिला आकडा २ असेल तर ठीक. ५ असेल तर नाही, पुन्हा विचारू नका. असा माणूस इथे राहत नाही. आणि ४ असेल तर 'आत्ता नाही, थोड्या वेळानं या'. हा चारचा आकडा आम्हाला फार आवडतो. जाळं तुटणार, समोरचं यंत्र बंद असणार, जागा भरलेली असणार, हे पोस्टेल यांनी गृहीतच धरलं होतं. म्हणून पाठवणारा सर्व्हर संदेश फेकून देत नाही, रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. 'संदेश पाठवला' याचा अर्थ एवढाच, की पहिल्या सर्व्हरनं तो आपल्या ताब्यात घेतला.

आता खरा प्रश्न येतो. समोरून '४' आलं तर काय करायचं ते कळलं. पण समोरून काहीच आलं नाही तर? किती वेळ वाट पाहायची?

प्रश्न किरकोळ वाटतो. वर्गातलं उदाहरण घेऊ. तुम्ही शेजारच्या वर्गातून डस्टर आणायला एका मुलाला पाठवलं. तो येत नाही. दुसऱ्याला कधी पाठवाल? अनुभवानं ठाऊक आहे, की सरासरी चार मिनिटं लागतात. मग सरासरीच्या दुप्पट, आठ मिनिटं थांबावं, असं कोणीही सुचवेल. सप्टेंबर १९८१ च्या टीसीपीच्या नियमांत साधारण हेच सुचवलेलं होतं. टीसीपी ही ई-मेलच्या खालची पायरी. ती संदेशाचे लहान तुकडे करून पाठवते, प्रत्येक तुकड्याच्या पोचपावतीची वाट पाहते आणि पोच आली नाही तर तुकडा पुन्हा पाठवते. आधीच्या पावत्यांना लागलेल्या वेळाची सरासरी काढायची, तिला १.३ ते २ मधल्या एखाद्या आकड्यानं गुणायचं आणि तेवढा वेळ थांबायचं.

यात चूक कुठे आहे? सोमवारी पाच मुलांना लागलेली मिनिटं ४, ४, ५, ३, ४ अशी होती. मंगळवारी १, ९, २, ७, १. दोन्ही दिवशी सरासरी चारच. सोमवारी आठ मिनिटं थांबणं म्हणजे उगाच वेळ घालवणं, कारण पाच मिनिटांत न आलेला मुलगा बहुधा कुठेतरी रमला आहे. मंगळवारी मात्र नवव्या मिनिटाला येणारा मुलगा वाटेत असतानाच तुम्ही दुसऱ्याला धाडलंत. आणि मंगळवारी उशीर का होत होता? तर व्हरांड्यात गर्दी होती. तुम्ही त्या गर्दीत आणखी एक मुलगा सोडलात. प्रत्येक वर्गातल्या शिक्षकानं असंच केलं तर व्हरांड्याचं काय होईल?

जानेवारी १९८४ मध्ये जॉन नॅगल यांनी एका टिपणात नेमका हा धोका सांगितला होता. त्यांच्या म्हणण्यानुसार गर्दी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की जाळ्यात त्याच त्या तुकड्यांच्या प्रतीच फिरत राहतील आणि नवं काही पुढे सरकणार नाही. टिपण वाचलं गेलं, पण फारसं मनावर घेतलं गेलं नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये ते घडलं. कॅलिफोर्नियात बर्कली इथलं विद्यापीठ आणि तिथली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यात अंतर ४०० यार्ड, म्हणजे साडेतीनशे मीटरच्या आसपास. त्यांच्यामधल्या दुव्यावरून सेकंदाला ३२,००० बिट जात. ते एकाएकी ४० बिटांवर आलं. अक्षरांत मांडू. एका अक्षराला आठ बिट धरले, तर दोन हजार अक्षरांचं पत्र अर्ध्या सेकंदात जात होतं, त्याला आता जवळजवळ सात मिनिटं लागू लागली. तेवढ्या वेळात माणूस ते पत्र हातात घेऊन विद्यापीठातून प्रयोगशाळेत चालत पोचला असता. शिवाय हे सतत घडत नव्हतं. जाळं काही काळ ठीक चाले, मग कोसळे, मग पुन्हा सावरे. तार तुटली नव्हती आणि एकही यंत्र जळलं नव्हतं. सगळी यंत्रं नियमांप्रमाणेच वागत होती!

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले मायकेल कॅरेल्स यांनी या कोसळण्याचा पाठपुरावा केला. त्यातून आलेला निबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेक सुधारणा आहेत. सुरुवातीलाच तुकड्यांचा लोंढा सोडू नये, एकापासून सुरू करून पोच येईल तसं वाढवावं. तुकडा हरवला तर ती गर्दीची खूण समजून वेग झटकन कमी करावा. या दोहोंची कीर्ती फार झाली. आम्हाला मात्र त्यातला वाट पाहण्याचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो शाळेतल्या संख्याशास्त्रातला आहे.

जेकबसन यांचं म्हणणं असं, की केवळ सरासरी पाहून भागणार नाही, पसरण पाहायला हवं. रस्ता भरत जातो तसा लागणारा वेळ वाढतो, पण त्या वेळेतला चढउतार त्याहून झपाट्यानं वाढतो. सरासरीच्या दुप्पट थांबण्याचा नियम वाहतूक क्षमतेच्या फार तर ३० टक्क्यांपर्यंत असेतोच टिकतो, असं त्यांनी दाखवलं. त्यापुढे न हरवलेले, नुसते उशिरा येणारे तुकडे पुन्हा पाठवले जाऊ लागतात. म्हणजे मदतीची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच नियम उलटा फिरतो. उपाय म्हणून सरासरी अधिक सरासरी विचलनाची चौपट, असं सूत्र रूढ झालं. सोमवारचं सरासरी विचलन ०.४, म्हणून ४ + १.६ = ५.६ मिनिटं थांबा. मंगळवारचं ३.२, म्हणून ४ + १२.८ = १६.८ मिनिटं. आकडे फळ्यावर मांडून पाहा. प्रमाण विचलन न घेता सरासरी विचलन घेण्याचं कारणही साधं आहे. त्यात वर्गमूळ काढावं लागत नाही, आणि त्या काळच्या यंत्रांना प्रत्येक तुकड्यामागे हा हिशोब करायचा होता.

याच सुमारास, १९८७ मध्ये, फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज यांनी आणखी एक खोच दाखवली. तुकडा दोनदा पाठवला आणि मग एक पोच आली, तर ती पहिल्या प्रतीची की दुसऱ्या? सांगता येत नाही. म्हणून अशा पोचेचा वेळ सरासरीत धरायचाच नाही. जे मोजमाप दोन अर्थांनी वाचता येतं ते टाकून द्यावं, हा धडा आम्ही प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून देतो.

एवढं झालं तरी ई-मेलचा स्वतःचा प्रश्न उरलाच होता. तुकडे नीट पोचले, तरी वरच्या पायरीवर एक सर्व्हर दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत असतो. एसएमटीपीत पत्राचा मजकूर संपला हे सांगायला एका ओळीवर नुसता एक पूर्णविराम पाठवतात. त्यावर घेणारा '२५०' म्हणाला, की पत्राची जबाबदारी त्याची झाली. पाठवणारा आपली प्रत पुसून टाकतो. आता समजा, घेणाऱ्यानं पूर्णविराम मिळाल्यावर आधी ते पत्र यादीतल्या शेकडो लोकांना वाटायला घेतलं आणि ते संपल्यावर '२५०' म्हटलं. इकडे पाठवणाऱ्याचा धीर सुटला, त्यानं संभाषण तोडलं आणि थोड्या वेळानं तेच पत्र पुन्हा पाठवलं. शेकडो लोकांना पत्र दोनदा. मग तिसऱ्यांदा. पार्ट्रिज यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये या दुहेरी पत्रांवर एक लहानसं टिपण लिहिलं. घेणाऱ्यानं आधी पोच द्यावी, वाटप मागाहून करावं, असा त्यांचा सल्ला होता. पण फट पूर्ण बुजत नाही. शेवटची पोच वाटेत हरवू शकते, आणि त्या पोचेचीही पोच मागितली तर तीही हरवू शकते. पत्र हरवण्यापेक्षा दोनदा पोचलेलं बरं, असं एसएमटीपीनं ठरवलेलं आहे. तेव्हा एकच मेल दोनदा आलं, तर पाठवणाऱ्यावर चिडण्याआधी या पूर्णविरामाची आठवण ठेवावी.

ऑक्टोबर १९८९ मध्ये आरएफसी ११२३ या टिपणात वाट पाहण्याचे आकडे एकदाचे लिहिले गेले. स्वागताच्या '२२०' साठी किमान पाच मिनिटं थांबावं. शेवटच्या पूर्णविरामानंतरच्या उत्तरासाठी दहा मिनिटं. सर्वांत लांब मुदत इथेच, वरच्याच कारणानं. प्रयत्न फसला तर पुन्हा करण्याआधी निदान ३० मिनिटं जाऊ द्यावीत. आणि चार-पाच दिवस प्रयत्न करूनही जमलं नाही, तर पाठवणाऱ्या माणसाला तसं कळवावं.

अर्धा तास सापडला!

हे आकडे आज फार सैल वाटतात. पण ते ठरले तेव्हाची जाळी आठवावीत. आपल्याकडे मुंबईत जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास ई-मेल सुरू झालं, ते साध्या टेलिफोनवरून. एर्नेट या शैक्षणिक जाळ्याची ती सुरुवात. फोन लागला तर टपाल हलणार, नाहीतर रांगेत थांबणार. पुढे या जाळ्यात उपग्रहही आला. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं, मिळून १,४४,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानंही याला अर्धा सेकंद लागतो, आणि एका पत्राच्या संभाषणात अशी निदान पाच-सहा प्रश्नोत्तरं असतात. ही सगळी तऱ्हा पोटात घेणारा एकच नियम करायचा तर तो ढिसाळच हवा.

वाट पाहण्याची मुदत फारच कमी झाली तर काय होतं, याची एक गाजलेली गोष्ट अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातली आहे. १९९० च्या दशकात ट्रे हॅरिस तिथली मेल-यंत्रणा सांभाळत होते. संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी त्यांना फोन करून सांगितलं, की आमच्या विभागातून ५०० मैलांपलीकडे ई-मेल जात नाही. हॅरिस यांना अर्थातच हसू आलं. पण ते संख्याशास्त्रज्ञ होते. तक्रार करण्याआधी त्यांनी कित्येक दिवसांची आकडेवारी गोळा केली होती, नकाशासुद्धा काढून घेतला होता. हॅरिस यांनी स्वतः पाहिलं. न्यूयॉर्कला मेल जात होतं, बॉस्टनला नाही. त्याच राज्यात राहणाऱ्या एका मित्राला पाठवलेलं मेलही गेलं नाही, कारण त्याचा सर्व्हर दूर सिअ‍ॅटलला होता. शोध घेता कारण सापडलं. कोणीतरी यंत्राची डागडुजी करताना सेंडमेल या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती बसवली होती. नव्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या सूचना जुनीला कळेनात, न कळलेल्या ओळी तिनं सोडून दिल्या, आणि जोडणीसाठी थांबायची मुदत शून्य झाली. प्रत्यक्षात ते यंत्र तीन सहस्रांश सेकंदाहून किंचित जास्त थांबून नाद सोडत असे. तेवढ्या वेळात प्रकाश ९०० किलोमीटर जातो, म्हणजे सुमारे ५६० मैल.

गोष्ट सुंदर आहे, पण हिशोब तपासायला हवा. काचतंतूत प्रकाश सेकंदाला तीन नव्हे, दोन लाख किलोमीटर जातो, आणि जोडणीसाठी उत्तर परत यावं लागतं. तसं पाहिलं तर तीन सहस्रांश सेकंदात ३०० किलोमीटरच्या पलीकडचं उत्तर येणारच नाही. हॅरिस यांनी ही गोष्ट कित्येक वर्षांनी, २००२ मध्ये, आठवणीतून लिहिली. तेव्हा तीनचा आकडा आम्ही फार घट्ट धरत नाही. विभागात काढलेला नकाशा मात्र आम्हाला पटतो. अमुक ठिकाणी जातं, तमुक ठिकाणी जात नाही, हे आधी लिहून ठेवल्यामुळेच 'कधीकधी' या शब्दाची जागा '५०० मैल' या आकड्यानं घेतली.

आता आमच्या अर्ध्या तासाकडे. दोन प्रयत्नांमधलं अंतर कळलं, पण पहिला प्रयत्न फसत का होता? आम्ही हातानं संस्थेच्या सर्व्हरशी जोडणी करून घड्याळ लावलं. बहुतेक वेळा '२२०' लगेच येई. एकदा रात्री आलं ते ४१ सेकंदांनी. स्वागत करण्याआधी तो सर्व्हर समोरच्या यंत्राचं नाव, नावांची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरकडून पडताळून घेत असे. त्यासाठी त्याला दोन पत्ते दिलेले होते, आणि त्यांतलं पहिलं यंत्र केव्हाच मोडीत निघालं होतं. तो त्याला विचारी, थांबे, पुन्हा विचारी आणि मग दुसऱ्याकडे वळे. मिळालेलं उत्तर तासभर लक्षात ठेवी. दिवसा टपाल सतत चालू, त्यामुळे तासाला एखादाच संदेश अडके आणि बाकीचे सुखरूप जात. रात्री तास-तासभर कोणी काही पाठवत नसे. मग जो कोणी पाठवील त्याचा संदेश नेमका अडकणार.

तरीही ४१ सेकंद ही काही पाच मिनिटं नव्हेत. आमच्या सर्व्हरनं थांबायला हवं होतं. त्याची सूचनांची फाइल उघडली. स्वागतासाठी थांबायची मुदत तिथे ३० सेकंद लिहिलेली होती. काही महिन्यांपूर्वी टपाल लवकर निघावं म्हणून ती आम्हीच कमी केली होती. शेजारी तारीख आणि सहीसुद्धा होती.

शिष्यवृत्तीच्या कार्यालयाला आम्ही दोन्ही शिक्के दाखवून पत्र लिहिलं. त्यांच्या नियमात अर्ज पोचल्याची वेळ धरली जाते, पाठवल्याची नाही, असं त्यांनी सौजन्यानं कळवलं. त्या विद्यार्थिनीनं पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, मुदतीच्या चार दिवस आधी, आणि छापील प्रत रजिस्टर पोस्टानंही पाठवली. तोवर आम्ही ३० सेकंदांची ओळ खोडून पाच मिनिटं लिहिली होती.